न धुतलेला रोल

हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतो. खर्चिक हौसेवर पांघरूण घालण्यासाठीच ही म्हण बहुधा वापरली जाते. गेल्या काही वर्षांत एका विशिष्ट हौसेच्या संदर्भात तिची आठवण आम्हांला वारंवार होऊ लागली आहे. ती हौस म्हणजे फिल्मच्या कॅमेऱ्याने छायाचित्रे काढण्याची. खिशातल्या फोनवर शेकडो छायाचित्रे विनाखर्च निघत असताना तरुण मुलेमुली आजोबांच्या कपाटातला जुना कॅमेरा शोधून काढतात, छत्तीस चित्रांच्या एका रोलसाठी बरीच रक्कम मोजतात, तो धुऊन घेण्यासाठी पुन्हा पैसे भरतात आणि काय उमटले हे पाहण्यासाठी कित्येक दिवस थांबून राहतात. त्यांतली काही चित्रे अंधारलेली निघतात, काही हललेली. तरीही ती मुले दुसरा रोल भरतात.

हा चार-दोन विक्षिप्तांचा खेळ असता तर त्यावर लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु व्यापाऱ्यांनाही या हौसेची दखल घ्यावी लागली आहे. कोडॅक कंपनीने २०१२ साली दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच वर्षी ‘एक्टाक्रोम’ ही आपली नामांकित रंगीत फिल्म बंद केली. तीच फिल्म २०१८ साली पुन्हा बाजारात आली. कृष्णधवल फिल्मसाठी ओळखल्या जाणाऱ्या इंग्लंडमधील हार्मन कंपनीने २०२३ च्या अखेरीस ‘फिनिक्स’ नावाची रंगीत फिल्म काढली. २०२४ साली रिको कंपनीने पेंटॅक्सच्या नावाने ‘१७’ हा नवाकोरा फिल्म कॅमेरा विक्रीस आणला. या कॅमेऱ्यात फिल्म पुढे सरकवण्यासाठी अंगठ्याने ओढायचा खटका मुद्दाम ठेवलेला आहे. आत मोटर बसवणे काही कठीण नव्हते. पण तो खटका ओढण्यातच गिऱ्हाइकाचे सुख आहे, हे कारखानदाराने ओळखले. हे सुख नेमके कशाचे आहे, आणि त्याची किंमत कोण, कधी आणि कशी चुकवतो, हा आमच्या प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या प्रश्नाची जी उत्तरे सहज दिली जातात ती आधी तपासून पाहू. पहिले उत्तर स्मरणरंजनाचे. जुने ते सोने असे मानण्याकडे माणसाचा कल असतो, त्यातलाच हा प्रकार, असे जाणकार सांगतात. आमच्या वयाच्या माणसांपुरते हे उत्तर चालेल. परंतु ज्यांच्या जन्मापूर्वीच गल्लीतल्या फोटोच्या दुकानांनी पाट्या बदलल्या, त्या विशीतल्या मुलांना कसली आठवण? जे कधी अनुभवलेच नाही त्याचे स्मरण होत नसते. फार तर त्याचे कुतूहल असते, आणि कुतूहल एका रोलात भागते.

दुसरे उत्तर रूपाचे. फिल्मवरच्या रंगांना एक ऊब असते, तिच्या कणीदारपणात एक जिवंतपणा असतो, असे म्हणतात. हे खोटे नाही. पण तेच रंग आणि तीच कणी आज फोनवरच्या चित्रावर बोटाच्या एका स्पर्शाने चढवता येते, आणि पुष्कळदा भल्याभल्यांना फरक सांगता येत नाही. केवळ दिसण्याचा प्रश्न असता तर एवढा खटाटोप कोणी केला नसता.

तिसरे उत्तर सर्वांत प्रतिष्ठित आहे, म्हणून त्याची तपासणी अधिक काटेकोरपणे करायला हवी. ते असे : रोलमध्ये छत्तीसच चित्रे असतात, त्यामुळे माणूस विचार करून कळ दाबतो, फिल्म संयम शिकवते. हे विधान ऐकायला गोड आहे. परंतु छायाचित्रणाचा इतिहास त्याला साक्ष देत नाही. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर आयुष्य घालवलेला गॅरी विनोग्रँड हा थोर छायाचित्रकार १९८४ साली वारला, तेव्हा त्याच्यामागे सुमारे अडीच हजार रोल असे होते की ज्यांवर चित्रे घेतलेली होती, पण ते धुतलेलेच नव्हते. छत्तीसच्या हिशेबाने ही संख्या नव्वद हजारांच्या घरात जाते. त्याच्या हातात फिल्मचाच कॅमेरा होता आणि फिल्मने त्याला संयम शिकवला नाही. ज्याच्याजवळ संयम आहे तो फोननेही एकच चित्र घेईल. यंत्राच्या अंगी सद्गुण नसतात. ते वापरणाऱ्याच्या अंगी असले तर असतात.

विनोग्रँडच्या संदर्भात दुसरीही एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. तो रोल धुवायला मुद्दाम उशीर लावीत असे. चित्र घेताना मनाची जी अवस्था असते तिचा अंमल उतरल्याखेरीज त्या चित्राचा न्याय करता येत नाही, अशी त्याची धारणा होती. ज्या प्रसंगी आपण आनंदात होतो त्या प्रसंगाचे चित्र आपल्याला चांगलेच वाटते. ते खरोखर चांगले आहे का, हे कळायला तो आनंद विसरावा लागतो. उत्तराचा धागा आम्हांला या उशिरात सापडतो. पण तो उलगडण्यापूर्वी हौशी माणूस आणि फिल्म यांची गाठ कशी पडली, हे थोडक्यात सांगितले पाहिजे.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी एक. त्या काळी हौसेने छायाचित्रे काढायची तर माणूस डॉक्टर, सरकारी अधिकारी किंवा धनिक असावा लागे. कारण पैशाइतकाच रसायनांचाही व्यासंग लागे. १८५१ नंतर रूढ झालेल्या पद्धतीत काचेवर द्रव ओतून ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावी लागे आणि सुकण्यापूर्वी धुवावी लागे. म्हणजे काळोखी खोली छायाचित्रकाराच्या पाठोपाठ जाई, मग तो डोंगरावर असो की लेण्यांत. जॉर्ज ईस्टमनने १८८८ साली हे सगळे ओझे उतरवले. शंभर चित्रांचा रोल आत भरलेला त्याचा कोडॅक कॅमेरा २५ डॉलरला मिळे. रोल संपला की कॅमेराच कारखान्याकडे पाठवायचा, तिकडून चित्रे आणि नव्या रोलासह कॅमेरा परत येई. १९०० साली आलेला ‘ब्राउनी’ तर एका डॉलरला मिळू लागला आणि शाळकरी मुलांच्या हाती कॅमेरा आला.

तेव्हाच्या गंभीर छायाचित्रकारांनी या प्रकाराकडे पाहून नाके मुरडली. कळ दाबण्यापलीकडे ज्याला काही करावे लागत नाही त्याला कसला आला कलावंत, हा त्यांचा आक्षेप होता. आज फोनविषयी जे बोलले जाते तेच तेव्हा फिल्मविषयी बोलले जात होते, हे आमच्या तरुण मित्रांनी लक्षात ठेवावे. फिल्म जन्माला आली ती सोय म्हणून. सव्वाशे वर्षांत ती गैरसोय ठरली, आणि गैरसोय ठरल्यावर तिला प्रतिष्ठा आली. या प्रतिष्ठेचा काही भाग तरी उसना आहे, हे मान्य केल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

मग खरा भाग कोणता? त्यासाठी फिल्मवर काय घडते ते पाहावे लागेल. फिल्मवर जिलेटिनच्या पातळ थरात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म स्फटिक बसवलेले असतात. कळ दाबली की क्षणाच्या एका लहानशा अंशापुरता प्रकाश त्यांवर पडतो, आणि ज्या स्फटिकांवर तो पडला त्यांत चांदीचे अगदी मोजके अणू मोकळे होतात. डोळ्यांना काहीही दिसत नाही. सूक्ष्मदर्शकाखालीही तेथे चित्र नसते. तरीही चित्र तेथे घडून गेलेले असते. डेव्हलपर हे रसायन त्या मोजक्या अणूंची खूण ओळखून सबंध स्फटिकाची चांदी करते आणि मग प्रतिमा वर येते. उरलेले क्षार हायपोने धुऊन काढले की ती टिकाऊ होते. या अदृश्य अवस्थेला सुप्त प्रतिमा म्हणतात. इंग्लंडमधील टॅलबॉटला १८४० साली ती कागदावर गवसली, तेव्हापासून प्रत्येक फिल्मवरचे प्रत्येक चित्र काही काळ तरी या अवस्थेतून गेलेले आहे. हा काळ मिनिटांचा असेल, महिन्यांचा असेल, किंवा वर्षांचाही असेल.

चित्र घेणे आणि चित्र पाहणे या दोन क्रिया फिल्मच्या कॅमेऱ्यात वेगळ्या असतात. फोनमध्ये त्या एक झाल्या आहेत, आणि त्या एक झाल्यामुळे काय घडते ते कोणत्याही समारंभात पाहावे. कळ दाबली जाते आणि त्याच क्षणी सर्वांच्या माना पडद्याकडे वळतात. डोळे मिटले, पुन्हा काढा. उजेड कमी आहे, पुन्हा काढा. ज्या माणसाचे चित्र काढले तो समोर उभा असतो, पण त्याच्याकडे कोणी पाहत नसते. सगळे त्याच्या प्रतिमेकडे पाहत असतात. फिल्मच्या कॅमेऱ्यात कळ दाबल्यावर पाहण्यासारखे काही उरतच नाही. नजरेला परत जाण्यासाठी एकच ठिकाण असते, ते म्हणजे समोरचे दृश्य. आमच्या मते हौशी माणसाला फिल्मचा कॅमेरा जे देतो ते हे. त्याच्या चित्रांचा दर्जा वाढतोच असे नाही. त्याची नजर मात्र जेथे असायला हवी तेथे राहते.

हे सुख हौशी माणसाचेच का, याचेही उत्तर यात आहे. धंदेवाईक छायाचित्रकाराला हा उशीर परवडत नाही. लग्नाची छायाचित्रे घेणारा माणूस रोल धुऊन येईपर्यंत जीव मुठीत धरून बसत असे. चित्र उमटले नाही तर त्याची अब्रू आणि बिदागी दोन्ही जात. त्याने डिजिटल कॅमेरा आनंदाने स्वीकारला आणि ते योग्यच झाले. हौशी माणूस कोणाला जबाबदार नसतो. मराठीत ‘हौशी’ या शब्दाला दोन छटा आहेत. हौशी नाट्यस्पर्धा म्हटले की आपल्याला रंगभूमीचे खरे बळ आठवते. ‘हौशी काम आहे’ म्हटले की कच्चेपणा सुचवला जातो. फिल्मच्या कॅमेऱ्यात या दोन्ही छटा एकत्र नांदतात. चुकण्याची मुभा आहे, म्हणून प्रेमही आहे.

ही मुभा किती महाग पडू शकते हे आम्ही स्वानुभवाने सांगू शकतो. फार वर्षांपूर्वी वसईकडच्या एका नातलगाच्या लग्नात आम्ही उसन्या कॅमेऱ्याने छत्तीस चित्रे घेतली. मांडवाच्या आदल्या दिवसापासून वऱ्हाड परतेपर्यंत आम्ही कोणाला मान वर करू दिली नाही. कॅमेऱ्यावरचा आकडा रीतसर पुढे सरकत होता. रोल धुऊन आला तो काचेसारखा कोरा. फिल्मचे टोक आतल्या गुंडाळीच्या खाचेतून निसटले होते. आम्ही खटका ओढत होतो आणि फिल्म जागची हलत नव्हती. खटका ओढताना डाव्या हाताची उलट गुंडाळण्याची कळ फिरते की नाही हे पाहावे, म्हणजे फिल्म सरकते आहे हे कळते, एवढी साधी गोष्ट आम्हांला कोणी सांगितली नव्हती. नवरामुलगा आज आजोबा झाला आहे, आणि अजूनही भेटला की त्या रोलाची चौकशी करतो. न उमटलेली चित्रेच मनात अधिक ठसतात, असे काव्यमय विधान अशा वेळी केले जाते. आम्ही ते करणार नाही. त्या छत्तीसपैकी दोन-तीनच आम्हांला आठवतात. बाकीची गेली ती गेलीच.

येथे आम्हांला व्हिव्हियन मायर या बाईकडे वळावेसे वाटते. कारण हौशी छायाचित्रकार आणि फिल्मचा कॅमेरा यांच्या नात्याची दोन्ही टोके तिच्या उदाहरणात दिसतात. ती १९२६ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मली, बालपणाचा काही काळ फ्रान्समध्ये राहिली आणि पुढे आयुष्यभर लोकांच्या घरी मुले सांभाळण्याचे काम करीत राहिली; १९५६ पासून शिकागोच्या परिसरात. आरंभी तिच्याजवळ साधा ब्राउनी होता. १९५२ च्या सुमारास तिने रोलायफ्लेक्स घेतला. मुलांना फिरायला नेताना, सुट्टीच्या दिवशी, बाजारात, बसथांब्यावर ती चित्रे घेत राहिली. त्या चित्रांचे तिने कधी प्रदर्शन मांडले नाही की ती कोठे छापून आणली नाहीत. भाडे थकल्यामुळे तिने सामान ठेवलेल्या गोदामाच्या खोल्यांचा २००७ साली लिलाव झाला आणि निगेटिव्हांची खोकी विकली गेली. ती घेणाऱ्यांपैकी जॉन मालूफ या तरुणाने तिचा शोध लावला तेव्हा काही दिवसांपूर्वीच, एप्रिल २००९ मध्ये, ती वारली होती. आज तिच्या नावावर एक लाखाहून अधिक निगेटिव्हे आहेत, ग्रंथ आहेत, आणि २०१३ साली निघालेला एक गाजलेला माहितीपटही आहे.

तिची चित्रे पाहताना रोलायफ्लेक्सची रचना ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. हा दोन भिंगांचा, पेटीसारखा कॅमेरा पोटाशी धरायचा असतो. वरून मान खाली घालून पाहिले की घासलेल्या काचेवर दृश्य दिसते, आणि तेही डावे-उजवे उलटे. डोळ्याला कॅमेरा लावलेला माणूस समोरच्याला बंदूक रोखल्यासारखा भासतो. रोलायफ्लेक्स धरलेला माणूस मान लववून उभा असतो. मायरच्या चित्रांतली माणसे तिच्याकडे थोडी वरून पाहतात, आणि मुले तर अगदी डोळ्याला डोळा भिडवून. रस्त्यावरच्या माणसांना तिने जी प्रतिष्ठा दिली तिचा काही वाटा या नजरेच्या उंचीला द्यावा लागेल. तिची स्वतःची चित्रे याहून बोलकी आहेत. दुकानाच्या काचेत, आरशात, गवतावर पडलेल्या सावलीत ती पुनःपुन्हा स्वतःला टिपते. १९५५ च्या एका चित्रात एक कामगार मोठा आरसा उचलून नेत आहे आणि त्या आरशात ती कॅमेरा धरून उभी आहे. तो माणूस पुढच्या क्षणी निघून जाणार आणि आरशातली बाईही त्याच्याबरोबर नाहीशी होणार. असे चित्र दुसऱ्यांदा घेता येत नाही, आणि घेतले की लगेच तपासून पाहताही येत नव्हते. १२० च्या रोलवर बारा चौकोनी चित्रे बसत. बारावे घेऊन झाले की मगच पहिल्याची वाट पाहायची.

येथवर मायर आमच्या मताला पुष्टी देते. परंतु तिच्या सामानात न धुतलेले रोलही निघाले, शेकड्यांनी निघाले. ही गोष्ट तिच्या चाहत्यांना विशेष मोहवते. चित्र पाहण्याचीही इच्छा न धरणारी, केवळ घेण्यात धन्यता मानणारी निष्काम योगिनी, असे तिचे चित्र रंगवले जाते. आम्हांला हे रंगकाम मान्य नाही. शिकागोजवळच्या ज्या कुटुंबात ती प्रथम राहिली तेथे तिला स्वतंत्र न्हाणीघर होते आणि त्यातच तिची डार्करूम होती. तेथे ती आपले कृष्णधवल रोल स्वतः धूत असे. ती मुले मोठी झाली, १९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत ते घर सुटले, आणि घराबरोबर डार्करूमही सुटली. नंतर ती एका घरातून दुसऱ्या घरात जात राहिली आणि रोल साठत गेले. जेथे आपण गूढ पाहतो तेथे बहुधा पाण्याचा नळ, अंधारी खोली आणि पैसा यांचा अभाव होता. नोकरी करणाऱ्या बाईच्या अडचणीला अध्यात्माचे नाव देणे हा रसिकतेतला एक नेहमीचा दोष आहे.

ही निवड पुढे कोणी केली, हाही समीक्षेचा प्रश्न आहे. धुतलेल्या रोलांतूनही मायरने फार थोड्या प्रती काढल्या. आज आपण ज्या प्रती पाहतो त्यांपैकी बहुतेक तिच्या मृत्यूनंतर इतरांनी निवडून काढलेल्या आहेत. बारातले कोणते चित्र ठेवायचे आणि कोणते टाकायचे हा छायाचित्रकाराच्या कामाचा अर्धा भाग असतो. तो तिच्याकडून झाला नाही, किंवा झाला असला तर मनातल्या मनात. विनोग्रँडच्या शेवटच्या हजारो चित्रांनाही हेच लागू आहे. फिल्म घेणे आणि पाहणे यांत जे अंतर निर्माण करते ते नजरेला हितकारक आहे हे आम्ही वर म्हटले. त्याला पुस्ती जोडायला हवी : हे अंतर म्हणजे उधारी आहे. कळ दाबताना आपण भविष्याकडून वेळ उसना घेतो, आणि कधीतरी रोल धुऊन, चित्र निवडून, प्रत काढून ती उधारी फेडावी लागते. न फेडताच माणूस गेला तर ती वारसांवर येते, आणि वारस आपल्या मर्जीने फेडतात.

आजचे हौशी तरुण ही उधारी कशी फेडतात? बहुतेकांचे रोल लॅबमध्ये जातात, तेथे ते धुतले जातात, स्कॅन होतात आणि चित्रे फोनवर येतात. कागदावर प्रत क्वचितच निघते. काही जण तर निगेटिव्ह परत आणायलाही जात नाहीत. एवढी यातायात करून अखेर चित्र त्याच पडद्यावर पोचते जेथे फोनने ते आरंभीच ठेवले असते. या मुलांना हसण्याचा आमचा हेतू नाही. वाट पाहण्याचे आणि समोर पाहण्याचे जे सुख आम्ही वर्णिले ते त्यांना मिळालेलेच असते. ते कोणी काढून घेऊ शकत नाही. परंतु निगेटिव्ह दुकानात सोडून येणे म्हणजे शेत पेरून धान्य खळ्यावरच टाकून येण्यासारखे आहे.

कारण निगेटिव्ह ही वस्तू आहे. मायरची चित्रे जगली ती ती थोर होती म्हणून नव्हे. थोर आहेत हे कळायला ती आधी जगावी लागली, आणि ती जगली कारण ती खोक्यांत होती, खोकी गोदामात होती आणि गोदामातल्या वस्तूंचा लिलाव होऊ शकत होता. तिची चित्रे कुलूपबंद फोनमध्ये असती तर थकलेल्या भाड्यापायी तो फोन पुसून विकला गेला असता. आमच्या घराघरांत आज जी छायाचित्रे निघत आहेत त्यांपैकी पन्नास वर्षांनी किती सापडतील, या प्रश्नाने आम्हांला अस्वस्थ केले आहे. साध्या माणसांचा इतिहास दुसरे कोणी लिहून ठेवत नाही. गावातल्या विहिरी, रहाट, केळीच्या बागा, मुलींचे पहिल्या कम्युनियनचे पांढरे झगे, वाडीतल्या म्हाताऱ्यांची लुगडी, हे सारे कोणा ना कोणा हौशी माणसाच्या कॅमेऱ्यात आहे, म्हणून आहे.

मात्र वस्तू असणे म्हणजे अमर असणे नव्हे, हे कोकणपट्टीत राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. आमच्या घरी बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात वडिलांच्या काळची निगेटिव्हे आहेत. ‘क्लिक थ्री’ हा भारतात बनणारा आगफाचा साधा कॅमेरा त्यांच्याजवळ होता. मायरच्या महागड्या रोलायफ्लेक्सला लागे तोच १२० चा रोल त्यालाही लागे, आणि चित्रेही तशीच बारा आणि चौकोनी. ऊटीच्या ज्या सरकारी कारखान्यात ‘इंदु’ फिल्म तयार होई तो हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा कारखाना आता बंद आहे, ‘क्लिक थ्री’ही निघत नाही. गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही तो डबा उघडला. काही पट्ट्या एकमेकींना चिकटल्या होत्या, काहींवर बुरशीची नक्षी चढली होती. उरलेल्या आम्ही एकेक करून खिडकीच्या उजेडात धरल्या. काळे आकाश, पांढरे केस झालेली तरुण माणसे, उजळ सावल्या. निगेटिव्ह वाचायला डोळ्याला थोडा वेळ लागतो.

तेव्हा आमच्या ध्यानात आले की उधारीचा आणखी एक हप्ता शिल्लक आहे. रोलां बार्थ या फ्रेंच समीक्षकाने छायाचित्रणावर १९८० साली जो ग्रंथ लिहिला त्यात आपल्या दिवंगत आईच्या बालपणीच्या एका छायाचित्रावर सविस्तर लिहिले आहे, पण ते छायाचित्र ग्रंथात छापलेले नाही. इतरांच्या लेखी ते एका अनोळखी मुलीचे जुने चित्र ठरले असते. चांदी चेहरा टिकवते, नाव टिकवत नाही. मायरच्या चित्रांतली हजारो माणसे आज जगभर पाहिली जातात आणि त्यांपैकी बहुतेकांची नावे कोणालाही ठाऊक नाहीत. आमच्या डब्यातल्या माणसांची गतही आता तीच होऊ घातली होती. विहिरीच्या काठावर ओळीने बसलेल्या पाच जणांपैकी आम्ही दोघांनाच ओळखले.

आमची थोरली आत्या नव्वदीकडे झुकली आहे. दृष्टी अधू झाली असली तरी मोठ्या प्रती तिला दिसतात. म्हणून लॅबमध्ये जाऊन आम्ही त्या बारा निगेटिव्हांच्या कागदी प्रती काढवून घेतल्या, पैसे बरेच पडले, आणि रविवारी दुपारी पेन्सिल घेऊन तिच्याजवळ बसलो. पहिल्या सात प्रतींच्या पाठीवर नावे लिहून झाली आहेत. आठवीतल्या एका मुलावर तिचे बोट थांबले आहे. नाव ओठांवर आहे, पण येत नाही. पुढच्या रविवारी पुन्हा जायचे ठरले आहे.